दुसरी नाव

आमच्या घरात कोणालाही पोहता येत नाही. समुद्राशी आमचा संबंध गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या लाँचपुरता. तोही एका हातात लिंबू आणि दुसऱ्या हातात प्लॅस्टिकची पिशवी अशा जय्यत तयारीने. अलिबागचे नाव काढले, की यजमान पनवेलवरून जाणाऱ्या एस.टी.च्या वेळा सांगू लागतात. अशा घरातल्या मराठीच्या बाईने शिडांच्या नौकांच्या शर्यतींवर लिहायला बसावे, हे जरा अतीच झाले, असे आमच्या स्टाफरूममध्ये म्हटले जाईल. म्हणू देत. मला नौकांतले काही कळत नसले, तरी याद्यांतले थोडेफार कळते.

याद्या वाचण्याचा मला लहानपणापासून नाद आहे. रेल्वेचे वेळापत्रक, पुस्तकामागचे शुद्धिपत्र, लग्नातल्या आहेराची वही, काहीही हाती लागले की मी त्यात रमते. २०२४ साली पॅरिसला ऑलिंपिक चालू होते, तेव्हा घरातली सगळी मंडळी टीव्हीपुढे आणि मी रद्दीतून आणलेले जुन्या ऑलिंपिकच्या निकालांचे जाडजूड पुस्तक घेऊन कोपऱ्यात, अशी आमची बैठक होती. शिडांच्या शर्यती पॅरिसला समुद्र नसल्यामुळे दक्षिणेला मार्सेय बंदरात नेल्या होत्या. पडद्यावर एकेकट्या माणसाच्या चिमुकल्या नावा फुलपाखरांसारख्या भिरभिरत होत्या. आपला विष्णु सरवणन आणि आपली नेत्रा कुमानन याही त्या गर्दीत होती. गर्दी म्हणजे खरोखरच गर्दी. कोणाचे शीड कोणते ते कळू नये इतकी.

आणि माझ्या मांडीवरच्या पुस्तकात नेमके १९०८ सालचे पान उघडे होते. सुवर्ण, रौप्य, कांस्य असे तीन रकाने. धावण्याच्या आणि कुस्तीच्या पानांवर तिन्ही रकाने भरगच्च. नौकांच्या पानावर आले आणि डोळे अडखळले. वर्ग : सात मीटर. सुवर्ण : ब्रिटन, नौकेचे नाव 'हिरॉइन'. रौप्य : आडवी रेघ. कांस्य : आडवी रेघ.

शर्यतीत नाव एकच होती!

ही 'हिरॉइन' चालवणाऱ्या गृहस्थांचे नाव चार्ल्स रिव्हेट-कर्नाक, वय ५५. आडनाव वाचून मुंबईकराचे कान टवकारलेच पाहिजेत. १८३९ ते १८४१ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेले सर जेम्स रिव्हेट-कर्नाक हे त्याच घराण्यातले. कर्नाक बंदर त्यांच्या नावाचे, आणि मशीद बंदराजवळचा कर्नाक पूलही त्यांच्याच नावाचा. तो जुना पूल २०२२ मध्ये पाडला आणि २०२५ मध्ये त्या जागी उभ्या राहिलेल्या पुलाला 'सिंदूर' असे नाव दिले. पण त्या बाजूला जायचे झाले की माझ्या तोंडून अजून कर्नाकच निघते. तर या कर्नाकसाहेबांच्या नावेवर चौघे जण होते आणि त्यांतली एक त्यांची पत्नी फ्रान्सिस. त्याआधी आठ वर्षे, म्हणजे १९०० च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये, एलेन द पूर्तालेस ही बाई आपल्या नवऱ्याच्या 'लेरिना' नावेवर बसून सेन नदीतली शर्यत जिंकली होती. ऑलिंपिकमध्ये विजयी झालेली ती पहिली स्त्री. शिडाच्या नावेत बायकांना जागा मिळाली ती नाव नवऱ्याची होती म्हणून, हे उघड आहे. तरी मिळाली, हेही काही थोडे नाही. पळण्याच्या शर्यतीत ऑलिंपिकने त्यांना १९२८ पर्यंत ताटकळत ठेवले होते.

त्या १९०० च्या शर्यतींत नावा मात्र पुष्कळ होत्या. कमी पडला तो वारा. पॅरिसच्या खालच्या अंगाला म्यूलाँ म्हणून गाव आहे, तेथे नदीत पहिल्या दिवशी सगळ्या लहानमोठ्या नावांची एकत्र शर्यत ठेवली होती, आणि वारा असा पडला की बऱ्याच नावा मुक्कामाला पोहोचल्याच नाहीत. मोठ्या धुडांना नदीत वळायलाही जागा नव्हती, म्हणून त्यांची शर्यत ल हाव्र बंदरात समुद्रावर झाली. तेथे जिंकलेली इंग्रजांची 'सिसिली' ९६ टनांची होती. त्याही आधी, १८९६ ला अथेन्समध्ये, शिडांच्या शर्यती कार्यक्रमपत्रिकेत होत्या. झाल्या मात्र नाहीत. ऑलिंपिकचे आणि मोठ्या नौकांचे सूत मुळापासूनच काही नीट जुळले नाही, असे म्हणायला हरकत नाही.

पुन्हा १९०८ कडे येते. त्या वर्षी पंधरा मीटरचाही एक वर्ग ठेवला होता. त्यात एकही नाव आली नाही. सात मीटरला एक. आणि त्या दोहोंच्या मधल्या बारा मीटरच्या वर्गात आल्या दोन.

आता हे 'मीटर' प्रकरण काय आहे, ते सांगितले पाहिजे. कारण बारा मीटरची नौका बारा मीटर लांब नसते. ती चांगली ६० फुटांच्या घरात असते. १९०६ साली लंडनला निरनिराळ्या देशांचे जाणकार जमले आणि त्यांनी नौका मोजण्याचे एक सूत्र ठरवले. नौकेची लांबी, तिच्या पोटाचा घेर, पाण्याच्या वर तिचे अंग किती उंच राहते ते, आणि शिडांच्या क्षेत्रफळाचे वर्गमूळ, हे सगळे त्या सूत्रात घालायचे. उत्तर बारा आले की ती बारा मीटरची नौका. शीड मोठे हवे असेल तर लांबी आखडती घ्या. लांबी हवी असेल तर शिडावर पाणी सोडा. यजमानांना मी हे तीनदा समजावले आणि तिन्ही वेळा त्यांनी "मग मीटर कशाला म्हणायचे?" असे विचारले. मराठीच्या विद्यार्थ्याला हे समजावणे त्या मानाने सोपे आहे. इंग्रजीत वृत्तालाही मीटरच म्हणतात. शार्दूलविक्रीडिताला अक्षरे एकोणीस, बाराव्या अक्षरावर यती, गणांचा क्रम ठरलेला. त्यात शब्द कोणते बसवायचे ते ज्याचे त्याने पाहावे. दोन कवींचे दोन श्लोक एकाच वृत्तात असूनही एक उडतो आणि एक बसतो, तसेच या नौकांचे. सूत्र एकच, पण कारागिराचा हात निराळा.

बारा मीटरच्या त्या दोन नौकांपैकी एक क्लाइड नदीच्या मुखाकडची, ग्लासगोकर मंडळींची 'हेरा'. दुसरी लिव्हरपूलची 'मुशेत'. म्हणजे दोन्ही ब्रिटनच्याच. बाकीच्या शर्यती दक्षिणेला वाइट बेटावर, राइड या गावी झाल्या होत्या. परदेशाहून कोणी येत नाही असे दिसल्यावर या दोघींना तेथवर नेण्यात काय अर्थ? तेव्हा लंडनच्या ऑलिंपिकचा हा एवढा तुकडा स्कॉटलंडमध्ये, क्लाइडच्या काठी हंटर्स की येथे पार पडला. ११ आणि १२ ऑगस्ट १९०८. तीनपैकी दोन शर्यती जिंकायच्या होत्या. हेराने पहिल्या दोन्ही जिंकल्या. तिसरीची गरजच उरली नाही.

हेराचा सुकाणूधर टॉमस ग्लेन-कोट्स तेव्हा तिशीचा होता. नौकांचे आराखडे काढण्याचा त्याला व्यासंग होता, आणि तो परवडण्याइतकी घरची स्थितीही होती; कारण हे कोट्स म्हणजे आपल्या शिवणाच्या दोऱ्याचे कोट्स. पेझली गावच्या त्यांच्या गिरण्यांतला दोरा जगभर जाई. माझ्या आईच्या शिवणयंत्राच्या खणात ज्या रिळांवर 'कोट्स' ही अक्षरे असत, त्यांचे मूळ तेच. आणि पेझली हे गाव तर आपल्याला आणखी जवळचे : काश्मिरी शालींच्या नकला तेथील मागांवर विणल्या गेल्या, आणि आपल्या कोयरीला साऱ्या विलायतेत त्या गावाचेच नाव पडले. आपल्या कोयरीच्या नशिबी हे बारसे होते, त्याला काय करणार!

पण यादी वाचताना माझे मन हेराकडे फारसे गेले नाही. ते गेले मुशेतकडे. तिचा धनी चार्ल्स मॅकआयव्हर. स्वतःच्या मर्सी नदीचे मुख सोडून तो दहा जणांचा ताफा घेऊन वर क्लाइडमध्ये आला. क्लाइडचे पाणी म्हणजे दोन्ही बाजूंना डोंगर. वारा कोणत्या खिंडीतून केव्हा उतरेल, ते तेथे लहानाचे मोठे झालेल्यालाच ठाऊक. परक्याच्या अंगणात जाऊन त्याच्याशी लंगडी खेळण्यासारखेच ते. त्या दहांत जेम्स बॅक्स्टर नावाचा एक गडी होता. हा इंग्लंडकडून रग्बी खेळलेला, आणि पुढे १९३० मध्ये न्यूझीलंडला गेलेल्या ब्रिटिश रग्बी संघाचा व्यवस्थापक झाला. पाण्यावरही त्याने हात चालवून पाहिला आणि रौप्यपदक घेऊन घरी गेला. दोघांत दुसरे आल्याबद्दल मिळालेले रौप्यपदक, असे कोणी म्हणेल. म्हणणाऱ्याने एवढेच पाहावे, की मुशेत लिव्हरपूललाच नांगर टाकून बसली असती, तर हेराच्या पुढेही आडवी रेघच आली असती.

इतक्या थोड्या नावा का येत, याचे कारण शोधायला फार लांब जायला नको. धावणाऱ्याला जोडे लागतात. मोठ्या नौकेला काय काय लागते ते पाहा. ऑलिंपिकच्या बाहेर, अमेरिका आणि इंग्लंड यांच्यात एका चषकासाठी शर्यती होत. तेथे १९०३ साली अमेरिकेने 'रिलायन्स' नावाची नौका उतरवली. तिच्या शिडांचे क्षेत्रफळ १६,००० चौरस फूट होते! मुंबईकराला क्षेत्रफळ कळते ते खोल्यांच्या भाषेत, म्हणून हिशेब करून सांगते : ५०० चौरस फुटांचे एक, अशी ३२ बिऱ्हाडे त्या शिडांवर मांडता आली असती. ती ओढायला साठावर खलाशी. अशी नौका एका हंगामासाठी बांधायची, आणि हंगाम संपला की ती कशाच्याही उपयोगाची नाही. बारा मीटरची नौका त्यापुढे पोरच. पण तिलाही दहा माणसे लागत, आणि ती काही आगगाडीत घालून नेता येत नसे. समुद्र ओलांडूनच यावे लागे. एवढी यातायात एका पदकासाठी करायला परदेशचे श्रीमंत तयार नव्हते.

या रिलायन्ससमोर हरलेला गृहस्थ आपल्या ओळखीचा आहे. सर टॉमस लिप्टन. चहाच्या पुड्यावरचे लिप्टन तेच. हाही ग्लासगोचाच, किराणा दुकानातून वर आलेला. या माणसाने 'शॅमरॉक' नावाच्या एकामागून एक पाच नौका बांधल्या आणि १८९९, १९०१, १९०३, १९२० आणि १९३० अशा पाच वेळा अटलांटिक ओलांडून चषकासाठी झुंज दिली. पाचही वेळा हरला. १९३० मध्ये हरला तेव्हा ज्यांनी हरवले त्या अमेरिकेतल्या लोकांनाच चुटपुट लागली. विल रॉजर्स या विनोदी नटाने एकेक डॉलर काढण्याची कल्पना मांडली, आणि त्या वर्गणीतून लिप्टनला सोन्याचा चषक देण्यात आला. इंग्लंडातल्या सर्वांत मानाच्या नौका-मंडळाने मात्र या वाण्याला आपल्या दारात उभे केले ते १९३१ मध्ये, त्याच्या मृत्यूच्या काही महिने आधी. हरणाऱ्याला शत्रूने मान दिला आणि घरच्यांनी बाहेर तिष्ठत ठेवले. हा प्रकार काही फक्त विलायतेत होतो असे नाही.

त्या साठ खलाशांचेही थोडे सांगितले पाहिजे, कारण आपल्या भाषेत येथे एक मौज होते. 'नाव' हा शब्द स्त्रीलिंगी घेतला तर पाण्यावर तरंगतो आणि नपुंसकलिंगी घेतला तर माणसाला चिकटतो. इंग्लंडातल्या मोठमोठ्या नौकांवर मालक सुकाणूजवळ उभा असे. दोर ओढणारे असत ते एसेक्स किनाऱ्यावरच्या टॉल्सबरी, ब्राइटलिंगसी, वायव्हेनहो अशा खेड्यांतले कोळी. हिवाळ्यात ते आपल्या होड्यांतून मासे आणि कालवे काढत आणि उन्हाळ्यात पगारावर श्रीमंतांच्या नौकांवर जात. अंगात लोकरीचा निळा सदरा आणि त्यावर छातीशी विणलेले नाव. ते नाव माणसाचे नव्हे, नावेचे! अमेरिकेनेही १८९५ मध्ये आपली 'डिफेंडर' चालवायला मेन प्रांतातल्या डीअर आइल बेटावरचे कोळी आणले होते. जिंकल्यावर वर्तमानपत्रात छापून येई ते मालकाचे आणि नौकेचे. मधल्या पन्नास-साठांच्या वाट्याला बक्षिसाचे दोन पैसे जास्त येत असतील, एवढेच.

ऑलिंपिकचे तसे नव्हते. तेथे पगारी माणूस चालत नसे. हा नियम चांगला की वाईट यावर मी वाद घालणार नाही. एसेक्सच्या कोळ्याला त्याने ऑलिंपिकचे दार बंद केले, हे तर स्वच्छच दिसते. पण त्याचा एक आडफायदा माझ्यासारख्या यादी वाचणारीला झाला. हेरावरच्या दहाही जणांची आणि मुशेतवरच्या दहाही जणांची नावे पुस्तकात छापलेली आहेत. दोर ओढणाऱ्याचेही आडनाव आहे. मी ती वीसही नावे वाचून काढली.

ज्या चषकाचे वर सांगितले, त्याच्या जन्माची एक दंतकथा फार प्रसिद्ध आहे. २२ ऑगस्ट १८५१ रोजी वाइट बेटाला वळसा घालण्याची शर्यत होती. इंग्रजांच्या नौकांच्या घोळक्यात 'अमेरिका' नावाची एकुलती एक परकी नौका उतरली होती. राणी व्हिक्टोरियाने विचारले, पहिली कोण? उत्तर आले, अमेरिका. मग दुसरी कोण? त्यावर म्हणे तिला सांगण्यात आले, की महाराज, दुसरे कोणीच नाही. ही गोष्ट सांगताना आजही अमेरिकनांची छाती फुगते. आता वस्तुस्थिती ऐका. दुसरी होती. तिचे नाव 'ऑरोरा'. १७० टनांच्या अमेरिकेच्या मागोमाग काही मिनिटांच्या अंतराने ही ४७ टनांची नौका येऊन पोहोचली होती. आकारमानाप्रमाणे सवलत देण्याची चाल त्या शर्यतीत नव्हती; असती तर अमेरिकेला घाम फुटला असता. पण दंतकथेला ऑरोरा सोसवली नाही. पहिल्याचा मोठेपणा वाढवायचा तर दुसऱ्याला पुसून टाकले पाहिजे, अशी तिची समजूत.

दुसरे खरोखरच कोणी नसले म्हणजे काय होते, ते पाहायचे तर १९२० साली बेल्जममध्ये ऑस्टेंड बंदरात जायला हवे. तत्पूर्वी १९१२ साली स्वीडनमध्ये या मोठ्या नौकांचे दिवस जरा बरे गेले. बारा मीटरच्या वर्गात नॉर्वे, स्वीडन आणि फिनलंड अशा तीन देशांच्या तीन नौका आल्या आणि त्याच क्रमाने जिंकल्या. तिन्ही रकाने भरले. दहा मीटरच्या वर्गात तर, रशियाच्या झारच्या अमलाखाली असलेल्या फिनलंडने दुसरा क्रमांक घेतला आणि खुद्द रशियाला तिसरे बसवले. माझ्या पुस्तकातले ते सगळ्यांत आवडते पान. मग महायुद्ध झाले. युद्धानंतर नौका मोजण्याचे सूत्र १९१९ मध्ये बदलले, पण जुन्या सूत्राच्या नौका काही मोडीत निघाल्या नव्हत्या. म्हणून ऑस्टेंडला जुन्यांचा वर्ग वेगळा आणि नव्यांचा वेगळा, असे बहुतेक सगळे वर्ग दुप्पट केले. एकूण वर्ग झाले चौदा. नावा कोठून आणायच्या? चौदांपैकी सात वर्गांत एकेकच नाव आली. दहा मीटर जुना, दहा मीटर नवा, बारा मीटर जुना, बारा मीटर नवा, हे चारही सर्वांत मोठे वर्ग ओळीने नॉर्वेचे. समोर कोणी नाही. 'अटलांटा' आणि 'हेइरा दुसरी' या बारा मीटरच्या दोन नौका सुवर्णपदके घेऊन परत गेल्या.

त्याच वर्षी सर्वांत लहान, बारा फुटांच्या डिंगीच्या वर्गात दोनच नावा होत्या, दोन्ही हॉलंडच्या. खुणेचे पिंप वाहून गेल्यामुळे शर्यतीचा घोटाळा झाला. तेव्हा दोन्ही नावा हॉलंडच्याच आहेत तर उरलेली शर्यत घरी जाऊनच का उरकू नये, असा विचार निघाला, आणि बेल्जमच्या ऑलिंपिकचा तो निकाल पुढे सप्टेंबरात ॲमस्टरडॅमजवळच्या पाण्यावर लागला. हसू येते खरे. पण लक्षात घ्या, की दोघीच होत्या तरी शर्यत पुरी करण्यासाठी त्यांनी पुन्हा शिडे उभारली. चार मोठ्या नौकांना तेवढेही भाग्य नव्हते. १९२४ च्या ऑलिंपिकपासून दहा आणि बारा मीटरचे वर्ग कार्यक्रमातून कायमचे गेले.

हे सगळे मला इतके का लागून राहिले, त्याला कारण आहे. आमच्या कॉलेजात एम.ए. मराठीचा वर्ग आहे. मी स्वतः एम.ए. झाले तेव्हा वर्गात एकेका बाकावर तिघी-तिघी बसत होतो. जून २०२३ मध्ये आमच्या वर्गात एक मुलगी आली. एक म्हणजे एकच. सकाळी औषधाच्या दुकानात काम करून, बदलापूरहून गाडीत उभी राहून येणारी. कार्यालयातून लगेच विचारणा झाली, की एका मुलीसाठी वर्ग चालवायचा का? मी उत्तर लिहायला बसले असतानाच दारात एक काका उभे राहिले. पोस्टातून निवृत्त झालेले, वय ६४. "बाई, प्रवेश संपले का?" आयुष्यभर लोकांची पत्रे वर्गवार लावली, आता थोडे वाचायचे म्हणत होते. मी त्यांना अर्ज दिला आणि कार्यालयाला 'विद्यार्थिसंख्या : दोन' असे कळवले. संख्या दुप्पट झाल्याचेही त्यात नमूद केले.

वर्ष मोठे मजेचे गेले. मुलगी हुशार आणि जरा घाईची. काका सावकाश आणि हटवादी. ती काही म्हणाली की काकांचे "पण" तयार. त्या 'पण'मुळे ती घरून दोन पुस्तके जास्त वाचून येई. वार्षिक निकालात ती पहिली आणि काका नऊ गुणांनी दुसरे आले. काका पेढे घेऊन आले. आमचे हेडक्लार्क म्हणाले, "काका, दोघांत दुसरा म्हणजे शेवटचाच की हो!" काका शांतपणे म्हणाले, "दुसराही मीच, शेवटचाही मीच. दोन पेढे घ्या." त्याच सुमारास मी ते ऑलिंपिकचे पुस्तक वाचत होते. मी त्यांना मुशेतची गोष्ट सांगितली. ती त्यांना फार आवडली. "म्हणजे मी लिव्हरपूलचा," म्हणाले.

दुसऱ्या वर्षी दिवाळीआधी त्यांच्या डोळ्यांचे दुखणे वाढले. शस्त्रक्रिया झाली, आणि डॉक्टरांनी वाचायला साफ मनाई केली. काकांचे नाव पटावरून गेले. मुलगी एकटी उरली. कार्यालयाने पुन्हा विचारणा केली नाही. दुसरे वर्ष मध्येच बंद करता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. वर्ग चालूच राहिला, पण त्यातला वारा पडला. मी बोलायचे, तिने मान हलवायची. ती बोलली की मी मान हलवायची. म्यूलाँच्या नदीसारखे सगळे संथ. एकदा ती म्हणाली, "बाई, मी चुकतेय की बरोबर आहे, हेच कळत नाही."

मार्चमध्ये तिचे सेमिनार होते. विषय, लीळाचरित्रातले संवाद. ऐकायला मी आणि खुर्च्या. ती उभी राहिली, टिपणे काढली, तोच दार उघडले. काळा चष्मा घातलेले काका, सूनबाईचा हात धरून. "आली हो मुशेत," म्हणाले आणि आपल्या नेहमीच्या बाकावर चाचपत बसले. चाळीस मिनिटे त्यांनी डोळे मिटून ऐकले. मग प्रश्न विचारले तीन. दोहोंची उत्तरे तिने पटापट दिली. तिसरा असा होता : "चक्रधरस्वामी काय बोलले, ते भक्तांनी जपून ठेवले, हे समजले. पण स्वामींच्या समोरचा माणूस काय म्हणाला, तेसुद्धा शब्दाला शब्द लिहिले आहे. साध्या माणसाचे बोलणे कोणी आणि कशाला लक्षात ठेवले?"

ती गप्प झाली. माझ्याकडे पाहू लागली. मीही मुद्दामच खिडकीबाहेर पाहिले. "काका, दोन दिवस द्या," ती म्हणाली.

गुरुवारी ती दुकानातून थेट स्टाफरूममध्ये आली. चपला दाराशी काढायचेही विसरली होती. माझ्याच फोनवरून तिने काकांना फोन लावला.

"काका, सापडले. म्हाइंभट त्या समोरच्या माणसांकडेच गेला होता विचारायला. गावोगाव जाऊन. मग त्यांना स्वामींचे आठवले तसे आपले स्वतःचेही आठवणारच ना?"

पलीकडून थोडा वेळ काहीच आवाज आला नाही. मग काका म्हणाले, "थांब, सूनबाईला वही आणू दे. हं, आता सांग सावकाश. पण मला एक कळत नाही..."